बाटलीत न मावणारा वायू : हिंगोलीची छावणी, बिअर, गोटी सोडा आणि शिंदीचे झाड

१/
१९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यात सत्याग्रहींनी निजामी राजवटीच्या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी जी लक्ष्ये निवडली, त्यांत करोडगिरीचे नाके होते, सरकारी जंगले होती आणि शिंदीची झाडेही होती. नाका हे सत्तेचे ठाणे, हे सहज समजते. पण ओढ्याकाठी उभे असलेले एक काटेरी झाड राज्याच्या तिजोरीचा भाग कसे झाले? मद्यावरचा कर बुडवायचा तर गोदाम फोडावे, दुकान बंद पाडावे. झाड का तोडावे?

२/
या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग राजकारणाबाहेर, एका वायूच्या स्वभावात दडलेला आहे. बिअरच्या बाटलीत फेस आणणारा, सोड्याची गोटी वर ढकलणारा आणि शिंदीच्या मडक्यात फसफसणारा वायू एकच : कार्बन डायऑक्साइड. तो बाटलीत किती मावतो, किती टिकतो आणि कधी बाटली फोडतो, यावर कोणते पेय किती दूर जाईल हे ठरले. आणि पेय किती दूर जाते, यावर त्याचा कर कोठे बसेल हे ठरले. हा धागा त्या साखळीचा.

३/
आरंभ हिंगोलीपासून. औंढा नागनाथ आणि नरसी नामदेव यांमुळे परिचित असलेला हा प्रदेश १९९९ मध्ये परभणीतून वेगळा होऊन जिल्हा झाला. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीची आणखी एक ओळख होती : लष्करी छावणी. १८५३ च्या तहानंतर ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या फौजेच्या ठाण्यांपैकी हे एक. शिपाई हिंदुस्थानी, वरचे अधिकारी इंग्रज. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि छावणी उठली.

४/
अशा छावण्यांतील अधिकाऱ्यांचे आवडते पेय म्हणजे इंग्लंडहून येणारी फिकट बिअर, म्हणजेच पेल एल. प्रथम लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या कारखान्याची, आणि १८२० च्या दशकापासून बर्टन गावच्या ऑलसॉप व बास यांची. सुएझ कालवा १८६९ चा. त्याआधी हा माल आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, काही महिन्यांनी मुंबई, मद्रास किंवा कलकत्त्याला लागे. काही माल बाटल्यांत भरूनच येई, तर काही पिंपांतून येऊन येथे बाटल्यांत भरला जाई.

५/
येथे एक लोकप्रिय समज तपासून घ्यावा. ‘साधी बिअर प्रवासात टिकत नसे, म्हणून हॉजसन यांनी हिंदुस्थानसाठी मुद्दाम कडक बिअर शोधून काढली’ ही कथा सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. गोऱ्या सैनिकांसाठी पोर्टर नावाची काळी बिअरही मोठ्या प्रमाणात याच मार्गाने येत होती आणि ती टिकत होती. फिकट बिअर हा एका रात्रीत लागलेला शोध नव्हता. आधीपासून असलेल्या प्रकारात हॉप्सचे प्रमाण वाढत गेले आणि पिंपात ती दीर्घकाळ मुरवली जाऊ लागली. ‘शोधा’पेक्षा ‘मुरणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

६/
मुरण्याचे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे रसायन आवश्यक आहे. यीस्ट ही सूक्ष्म बुरशी साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. वजनाने पाहिले तर एक ग्रॅम साखरेतून सुमारे अर्धा ग्रॅम वायू निघतो. उघड्या हौदात हा वायू हवेत निघून जातो. पेय बाटलीत भरून बूच घट्ट बसवले, तर त्याला वाट राहत नाही. तो द्रवात विरघळतो आणि बूच काढताच फेस होऊन वर येतो.

७/
म्हणून बाटलीत फेस आणण्याची जुनी रीत सोपी दिसते : आंबणे संपलेल्या बिअरमध्ये किंचित साखर घालायची, बूच लावायचे, काही आठवडे थांबायचे. पण ‘किंचित’ म्हणजे किती? आजच्या हिशेबाने लिटरला सहा-सात ग्रॅम. म्हणजे ६५० मिलिलिटरच्या बाटलीला चहाचा एक लहान चमचा. तेवढ्याने बिअरच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू तिच्यात सामावतो. चमच्याऐवजी दोन चमचे पडले, तर तीच बाटली काचेचा बॉम्ब ठरू शकते.

८/
साखर मोजून घातली तरी बाटल्या बिघडत. त्या बिघाडांची लक्षणे पाहून कारण ओळखता येते, आणि ही निदानाची पद्धत आजही बदललेली नाही.
• सर्वच बाटल्या निपचित, फेस नाही : यीस्ट मेलेले, थकलेले किंवा थंडीने निजलेले.
• काही निपचित, काही उत्तम : बूच गळके. वायू निसटला.
• काही निपचित, काही उसळणाऱ्या : साखर नीट ढवळली गेली नाही.
• भरल्यानंतर लगेचच सर्व उसळणाऱ्या : हौदातील आंबणे पूर्ण होण्याआधीच भरण्याची घाई.
• आरंभी उत्तम, काही महिन्यांनी उसळणाऱ्या : आत बाहेरचा जंतू शिरलेला.

९/
शेवटचे लक्षण हिंदुस्थानच्या व्यापाराशी थेट जोडलेले आहे. नेहमीचे यीस्ट सोप्या साखरा खाते आणि लांब साखळीच्या अवघड साखरा तशाच सोडून देते. पण लाकडी पिंपांत आणखी एक यीस्ट वस्तीला असे. ते अवघड साखराही सावकाश, महिनोन्‌महिने खात राही. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग येथील येल्टे क्लाउसेन यांनी इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये ते ओळखले आणि त्याचे नाव ठेवले ब्रेटॅनोमायसिस, अर्थात ‘ब्रिटिश बुरशी’.

१०/
आता पेल एलच्या मुरण्याचा अर्थ स्पष्ट होतो. पिंपात दीर्घकाळ राहिलेल्या बिअरमध्ये खाण्याजोगी साखर फारशी उरतच नसे. बाटलीत भरल्यानंतर उसळायला इंधनच नाही, त्यामुळे ती शांत राही. घाईने भरलेली कोवळी बिअर मात्र उष्ण प्रदेशात पोहोचली की पुन्हा आंबू लागे आणि बुचे उडवी. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी सॅकरोमीटर या उपकरणाच्या वापरावर लिहिल्यानंतर द्रवात साखर किती उरली हे मोजणे कारखान्यांच्या अंगवळणी पडू लागले. पण ही साखर खातो कोण, हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते. यीस्ट सजीव असल्याचे १८३७ च्या सुमारास पुढे आले, आणि बिअर का नासते याचे पाश्चर यांचे विवेचन आले १८७६ मध्ये. म्हणजे हिंगोलीची छावणी वसली, वाढली, त्यातील बराच काळ बाटलीतले हे गणित केवळ अनुभवावर चालले होते.

११/
त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात अधिक विरघळतो. ० अंशाला एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू धरून ठेवते. २० अंशांना ते प्रमाण ०.९ वर येते आणि ४० अंशांना जवळपास ०.५ वर. म्हणजे २० अंशांना ज्या बाटलीत वातावरणाच्या पावणेतीन पट दाब होता, त्याच बाटलीत वैशाखातल्या दुपारी पावणेपाच पटींच्या आसपास दाब होतो. बाटली तीच, बिअर तीच. बदलले फक्त हवामान.

१२/
नकाशा पाहिला तर अडचण आणखी स्पष्ट होते. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. हिंगोलीच्या उत्तरेस त्यावरचे मोठे स्थानक अकोला. तेथून वाशिममार्गे हिंगोलीपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता, आणि त्या काळी मालासाठी साधन म्हणजे बैलगाडी. उन्हात तापणारी, खडखडाटाने हलणारी, बुचाने बंद केलेली काच. एवढे करून बाटली येत असे, कारण तिची किंमत मोजणारा ग्राहक वेतनदार अधिकारी होता. आणि ती बंदरात उतरत असल्याने तिच्यावरचा कर घेणे सोपे होते : जकातीचा नाका गाठला की काम झाले.

१३/
या कथेची दुसरी शाखा बिअरमधूनच फुटते. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधील लीड्स येथे एका बिअर कारखान्याच्या शेजारी राहत होते. आंबणाऱ्या हौदांवर साचणाऱ्या वायूच्या थरात त्यांनी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतले आणि ते पाणी चुरचुरीत झाले. १७७२ मध्ये त्यांनी ही कृती छापली. १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप यांनी त्याचा व्यवसाय केला. सोडावॉटर हे अशा रीतीने बिअरच्या वाफेवर जन्मलेले, मद्याविना राहिलेले भावंड.

१४/
सोड्याचा लाभ असा की त्यात यीस्ट नाही. वायू वेगळा तयार करून यंत्राने दाबून भरला जातो, त्यामुळे प्रमाण माणसाच्या हातात राहते आणि बाटलीत नंतर काही ‘जगत’ नाही. उरला प्रश्न बुचाचा. बूच सुकले की आक्रसते आणि वायू निसटतो. म्हणून आरंभी तळ नसलेल्या, अंड्याच्या आकाराच्या बाटल्या केल्या गेल्या. त्या उभ्या राहूच शकत नसत. आडव्या ठेवल्या की बूच ओले राही.

१५/
१८७० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या हायरम कॉड यांनी बूचच काढून टाकले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची कडी. बाटली उलटी धरून भरायची. सरळ करताना आतला वायूच गोटीला कडीवर दाबून धरतो. जो वायू बाटली फोडण्याची भीती होती, त्यालाच पहारेकरी नेमले! दाब जितका अधिक, तितके झाकण घट्ट. मराठवाड्यातील जत्रांत आणि बसस्थानकांवर ‘गोटी सोडा’ म्हणून जी बाटली वर्षानुवर्षे फुटफुटत राहिली, ती हीच.

१६/
या शोधाने बाटली गावोगावी नेली. कारण गोटीची बाटली परत येते, धुतली जाते आणि लहानशा यंत्रावर पुन्हा भरता येते. मुंबईत पारशी उद्योजकांनी सोडा व लेमोनेडचा धंदा उभा केला. पालनजी १८६५ चे, ड्यूक्स १८८९ चे. बिअरला मात्र पुढे वेगळे झाकण मिळाले : १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांचे पत्र्याचे, नागमोडी काठांचे बूच. आजही बिअरच्या बहुतेक बाटल्यांवर तेच आहे.

१७/
आता तिसरे पेय, ज्याला बाटली कधीच लाभली नाही : शिंदी. शिंदीच्या झाडाला खाच देऊन काढलेला रस गोड असतो. पण मडक्यात थेंब पडू लागल्यापासूनच त्यात हवेतील आणि मडक्यातील यीस्ट काम सुरू करते. काही तासांत फेस, दिवस सरताना आंबटपणा आणि त्यापुढे शिर्का. रोखण्याचा एक जुना उपाय आहे : मडक्याला आतून चुना लावणे. चुन्यामुळे यीस्टला रस मानवत नाही आणि तो गोडच राहतो. तीच नीरा.

१८/
शिंदी बाटलीत का भरली गेली नाही, याचे उत्तर सातव्या नोंदीतील हिशेबात आहे. बिअरच्या बाटलीत फेसासाठी लिटरला सहा-सात ग्रॅम साखर पुरते. ताज्या रसात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम वायू, आकारमानाने पंचवीस लिटरांहून अधिक. एक लिटरच्या बाटलीत! एकोणिसाव्या शतकातील कोणतेही बूच, कोणतीही गोटी, कोणतीही काच हे सहन करणे शक्य नव्हते. आंबणे संपेपर्यंत थांबावे, तर तोवर ती आंबून जाते. शिंदी ज्या दिवशीची त्या दिवशी, ज्या शिवारातली त्या शिवारातच प्यावी लागे.

१९/
कर वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने आता तिन्ही पेये शेजारी ठेवून पाहावीत.
• परदेशी बिअर : बंदरातून येते. कर बंदरात.
• मोहाची किंवा गुळाची गाळलेली दारू : तिच्यात वायूच नाही, ती आंबत नाही, कितीही दिवस टिकते. म्हणून ती एका भट्टीत एकत्र आणता येते. कर भट्टीच्या तोंडाशी.
• शिंदी : हजारो झाडे, हजारो मडकी, रोजचा रस, रोजचा निकाल. तिला ना बंदर, ना भट्टी, ना गोदाम. मोजता येण्याजोगी स्थिर वस्तू एकच : झाड.

२०/
म्हणून कर झाडावर बसला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने ताडी-शिंदीच्या झाडांवरील कर पक्का केला. निजामाच्या राज्यातही शिंदीचे हक्क गुत्तेदारांना देऊन उत्पन्न घेतले जाई, आणि आबकारी ही राज्याच्या उत्पन्नाच्या प्रमुख बाबींपैकी एक होती. झाडावर कर बसण्याचे हे एकमेव कारण म्हणता येणार नाही. महसूल वाढवण्याची हाव, गुत्तेदारीची जुनी पद्धत आणि झाडांवर सरकारी हक्क सांगण्याची वृत्ती हीही कारणे होतीच. पण पेय बाटलीत मावते असते, तर वसुलीची रचना निश्चितच वेगळी झाली असती. ‘गुत्तेदार’ हा शब्द मराठवाड्यात ठेकेदारासाठी आजही वापरला जातो. त्याच्या मुळाशी हीच जमीन आहे.

२१/
येथे पहिल्या नोंदीतील कुऱ्हाडीचा अर्थ लागतो. झाड तोडणे ही नवी कल्पना नव्हती. १९३० मध्ये दांडीच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींनी सुरत जिल्ह्यात ताडी देणारी झाडे तोडण्याचे आवाहन केले होते. तेथे हेतू मुख्यतः दारूबंदीचा. हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसच्या लढ्यात, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली, त्याला राजकीय धार आली. ज्या वस्तूला भट्टी नाही, गोदाम नाही, तिच्यावरचे उत्पन्न बुडवण्याचा मार्ग एकच : जे मोजले जाते तेच नाहीसे करणे. राज्याने झाडाला तिजोरी केले होते. सत्याग्रहींनी तिजोरीवरच घाव घातला.

२२/
पण या घावाला दुसरी बाजू आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती टाळू नये. तेच झाड शिंदी काढणाऱ्या कुटुंबाचेही पोट होते. गुत्तेदाराचा करार पुढच्या वर्षी दुसऱ्या झाडांवर होऊ शकतो. नवे झाड रस देण्याजोगे व्हायला मात्र वर्षे लागतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, सत्ता बदलली, आणि तोडलेल्या झाडांचा हिशेब कोणत्याही विजयगाथेत ठळकपणे आला नाही. मुक्तिलढ्याचे मोल कमी न करता हेही नोंदवता येते की, त्याची किंमत मोजणाऱ्यांत काही अत्यंत गरीब घरे होती.

२३/
पुढचा प्रवास थोडक्यात. हिंगोलीचा भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, बदललेल्या नावाने आणि सुधारणांसह, येथे आजही लागू आहे. परवान्याविना घरी मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे वरील आकडे इतिहास समजण्यासाठी आहेत, कृतीसाठी नव्हेत.

२४/
सारांश. बाटली ही केवळ भांडे नव्हती, तर अंतर कापण्याचे साधन होती. वायूवर ताबा ज्याला मिळवता आला, ते पेय समुद्र ओलांडून छावणीत पोहोचले. गोटीने तो ताबा स्वस्त केला, म्हणून सोडा जत्रेत पोहोचला. ज्या पेयाच्या वायूला कोणीही आवरू शकले नाही, ते गावातच राहिले. तेथेच त्याच्यावर कर बसला आणि तेथेच कुऱ्हाडही पडली. मोठ्या राजकीय घटनांच्या तळाशी अनेकदा अशी एखादी साधी, भौतिक अडचण असते.

२५/
हिंगोली, परभणी, नांदेड परिसरातील वाचकांसाठी एक सूचना. मुक्तिलढ्यातील शिंदीतोडीच्या आठवणी कागदापेक्षा माणसांत अधिक आहेत, आणि ती पिढी आता थोडी उरली आहे. गावाच्या कोणत्या ओढ्याकाठी शिंदीबन होते, ते कोणाच्या गुत्त्यात होते, कोणी तोडले, रस काढणारी घरे पुढे कोणत्या कामाला लागली, एवढे चार प्रश्न घरातील आजी-आजोबांना विचारून उत्तरे तारखेसह वहीत उतरवावीत. स्थानिक इतिहासाचा आरंभ तेथूनच होतो.